काळ्या मातीत देशी फुलझाडे: लातूरच्या एका बागप्रेमी गटाने घेतलेली चाचणी

पार्श्वभूमी

लातूर शहरातल्या बागप्रेमींच्या एका गटाची ही हकीकत. गटाचे आणि माणसांचे नाव देत नाही. शहराचे देतो, कारण इथली माती, पाणी आणि ऊन वगळले तर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. गटात निवृत्त शिक्षक, काही डॉक्टर, बँकेतली मंडळी आणि बऱ्याच गृहिणी. जवळपास सगळ्यांची गावाकडे थोडीफार शेती. शहरात कुणाच्या घरापुढे गुंठाभर मोकळी जागा, कुणाकडे नुसतीच गच्ची. चाचणीचा आराखडा करून द्यायला आणि नोंदी तपासायला त्यांनी मला बोलावले होते, म्हणून हे जवळून पाहता आले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात इथल्या अंगणांतली लॉन गेली, गुलाब गेले, हौसेने लावलेले पाम गेले. पुढे पाऊस चांगला झाला, मांजरा धरणही भरले. तरी नळाचे पाणी रोज येत नाही आणि बोअरचे फेब्रुवारीनंतर खात्रीचे नाही, हे गृहीत धरूनच लोक बाग करू लागले. मग जो तो एकच सल्ला देऊ लागला: देशी झाडे लावा, त्यांना पाणी लागत नाही.

लोकांनी लावली. बरीच मेली.

अडचण

सल्ला खोटा नव्हता, अर्धा होता. तरवड माळावर कुणी पाणी न घालता फुलतो हे खरेच. पण तोच तरवड नर्सरीतून आणून अंगणात लावला की सप्टेंबरात जातो, याचा उलगडा कुणाला होईना. एकाच गल्लीत एकाची कोरांटी गच्च भरलेली, दुसऱ्याची वाळकी काडी. "तुमच्या हाताला गुण नाही" यापलीकडे त्यावर चर्चा जात नव्हती.

गटातल्या एका काकांनी मुद्दा नेमका पकडला. आपण बीडीएन ७११ तूर घेताना किंवा परभणी मोती ज्वारी पेरताना दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो: मर लागते का, कोणत्या जमिनीत चालते, किती दिवसांत हाताशी येते. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. वाण पुढे करण्याआधी त्याची वेगवेगळ्या जागी, तुल्य वाणाशेजारी, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या प्रचलित वाणाशेजारी, चाचणी व्हावी लागते हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असते. अंगणातल्या फुलझाडाला मात्र आपण फक्त भाव विचारतो.

दुसरी गोम रोपांची होती. इथल्या नर्सऱ्यांत येणारा बराच माल आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून ट्रकने येतो. पिशवीत लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा काळ्या मातीच्या खड्ड्यात तसाच बसवला तर मुळे बाहेर पडायला तयार होत नाहीत. पावसाळ्यात भोवतीची काळी माती पाणी धरून बसते आणि गोळ्याचा डबा होतो. उन्हाळ्यात तीच माती आकसते, गोळ्याभोवती बोटभर फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. गोळा कोरडा तो कोरडाच. मेलेले रोप उपटून पाहिले तर मुळे पिशवीच्या आकारात गोल फिरलेली दिसायची, वर्ष होऊन गेले तरी.

म्हणजे प्रश्न नुसता "कोणते झाड" एवढा नव्हता. कोणते झाड, कोणत्या मातीत, कुठून आणलेले आणि कसे पाणी घातलेले, असा चौपदरी होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा: तयार याद्या उचलायच्या. देशी झाडांच्या याद्या पुष्कळ आहेत, पण बहुतेक अख्ख्या महाराष्ट्रासाठी एकच. त्यात तामण हमखास असतो, कारण तो राज्यपुष्प. तामण मुळात कोकणातल्या आणि पूर्व विदर्भातल्या ओलसर जंगलांतला, नदी-ओढ्याकाठचा. महाराष्ट्राचा आहे म्हणून औशाच्या रस्त्यावरच्या चुनखडी जमिनीत तो खुशाल राहील असे मानायला काही आधार नाही.

दुसरा पर्याय म्हणजे शहराबाहेर एका सदस्याच्या रानात सगळी झाडे एका ओळीत लावायची. एक माती, एकच माणूस पाणी देणार, नोंदी स्वच्छ. माझ्यासारख्याला हे फार आवडते. पण त्या रानात ठिबक होते आणि सालगडी होता. तिथे जगलेले झाड बँकेतून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या माणसाकडे जगेल, हे त्यातून कळत नाही.

तिसरा पर्याय: सदस्यांच्याच अंगणांत लावायची. गोंधळ नक्की. कुणी पाणी जास्त घालणार, कुणी गावाला जाणार, कुणाच्या घरात मोकाट जनावर शिरणार. पण ज्याला सल्ला द्यायचा त्याच्याच परिस्थितीत झाड तपासले जाणार.

गटाने तिसरा पर्याय घेतला आणि रानातली ओळ तुलनेपुरती ठेवली. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. त्याची किंमत मोजावी लागली, ती पुढे येईलच.

झाडे निवडताना दोन वाद झाले. एक तामणाचा. बहुमताने तो वगळला. दुसरा वाद जास्त रंगला: बोगनवेल आणि घंटीफूल ही परदेशी झाडे चाचणीत घ्यायची का? दोन्ही मूळची अमेरिका खंडांतली. काहींना हे पटेना. देशी झाडांच्या चाचणीत त्यांचे काय काम? पण तुल्य वाणाशिवाय चाचणीला अर्थ नाही. लातूरकराच्या कुंपणावर आज बोगनवेलच आहे. ती काढून तिथे दुसरे काही लावा म्हणायचे, तर ते तिच्यापुढे कसे टिकते हे दाखवावे लागेल. दोन्ही घेतली.

देशी झाडांत तरवड, पिवळी कोरांटी, पांढरा चित्रक, निर्गुडी, पारिजातक, धायटी, मुरुडशेंग आणि माधवीलता ठरली. "भरवशाचे" कशाला म्हणायचे तेही आधीच ठरवले: झाडाने दोन उन्हाळे काढावेत, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकाच पाण्यावर तग धरावा आणि निदान एकदा डोळ्यांत भरेल इतके फुलावे.

काय केले

लावणीच्या आधी प्रत्येक घरी दोन साध्या तपासण्या केल्या. फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरायचा, ते मुरले की पुन्हा भरायचा आणि सकाळी पाहायचा. पाणी उरले असेल तर ती जागा "पाणी धरणारी". दुसरी, वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकायचे. फसफसले तर चुनखडी आहे. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एरवी कुणी सांगितले असते की आमची जमीन भारी काळी आहे, कसदार आहे. खड्ड्यातले पाणी पाहिल्यावर "कसदार" म्हणजे काय याची चर्चा थोडी जमिनीवर आली.

जागांचे तीन गट पडले: पाणी धरणारी काळी, मुरमाड (शहराच्या चढावरच्या वस्त्या) आणि गच्चीवरच्या कुंड्या. कुंड्यांना आठवड्याला एक पाणी हा नियम लावणे शक्य नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा ठेवला.

रोपे दोन प्रकारची घेतली: काही नर्सरीतून विकत आणलेली, काही गटाने स्वतः केलेली. कोरांटी, चित्रक आणि निर्गुडी फाट्यांवर सहज येतात. तरवड आणि मुरुडशेंग बियांवर केली. बियांचे कवच टणक, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवल्या. बी गायरान, रस्त्याकडेची झाडे आणि ओळखीच्यांचे बांध इथूनच घेतले. अभयारण्याच्या हद्दीतून काही आणायचे नाही हे पहिल्याच बैठकीत ठरले होते. या रोपांच्या पिशव्यांत इथलीच माती, वाळू आणि शेणखत भरले.

मृगाच्या पावसावर लावणी झाली.

पहिला पावसाळा

सगळ्यांची तयारी उन्हाळ्यासाठी होती. जूनपासूनच आच्छादनाला पाचट गोळा करणे चालू होते. झाडे गेली सप्टेंबरात.

परतीच्या पावसात काळ्या मातीच्या अंगणांत पाणी मुरेना. आधी तरवड गेला, मग धायटी. एका घरचा प्रसंग सांगतो, कारण तो बऱ्याच घरी थोड्याफार फरकाने घडला. तरवडाची पाने दुपारी लोंबू लागली. घरच्या काकूंना वाटले, तहानले आहे. त्यांनी बादलीभर पाणी घातले. दुसऱ्या दिवशी जास्तच मलूल, म्हणून सकाळ-संध्याकाळ घातले. तिसऱ्या दिवशी बुंध्याजवळ चार बोटे उकरून पाहिले तर माती शिऱ्यासारखी ओली आणि नाल्यासारखा वास. मुळांची साल बोटाने ओढली की सुटून येत होती. हवा न मिळालेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पाण्यात उभे असलेले झाडही तहानल्यासारखेच दिसते. पान पाहून हे ओळखता येत नाही, बोट मातीत घालावेच लागते.

इथे पहिला मोठा निर्णय आला. मेलेली झाडे "नापास" म्हणून लिहून पुढे जायचे की लावणीची पद्धत बदलायची? नियमाने पाहिले तर चाचणीच्या मध्यात पद्धत बदलणे चूक. पण गटाचा हेतू शोधनिबंध नव्हता. एका सदस्याच्या आई म्हणाल्या, "तरवड बांधावर असतो बाबा, वावरात कुठं पाहिलायस?" वावरात तो नसण्याचे मोठे कारण नांगर आहे, हे मान्य. पण बांध उंच असतो आणि त्यावर पाणी थांबत नाही, हेही तितकेच खरे.

मधला मार्ग काढला. जी झाडे सपाट लावली होती ती तशीच ठेवली, त्यांचा निकाल तसाच धरला. पाणी धरणाऱ्या जागांवर त्याच जातींची नवी रोपे फूट-सव्वाफूट उंच गादीवाफ्यावर लावली आणि त्यांची नोंद वेगळी केली. यामुळे सगळ्या चाचणीतली सर्वांत उपयोगी तुलना हाती आली. आधी ती आराखड्यात नव्हतीच.

मे महिन्यातली मोजणी

पहिल्या उन्हाळ्याची मोजणी मे अखेरीस ठरली होती. नोंदी आल्या तेव्हा पारिजातक आणि मुरुडशेंग बहुतेक ठिकाणी "मृत". रानातल्या ओळीत मात्र दोन्ही जिवंत असल्याची नोंद. ठिबकामुळे असेल असे आधी वाटले.

कारण वेगळे होते. ही दोन्ही झाडे कोरड्या हवेत उन्हाळ्यात पाने झाडून टाकतात. रानातल्या माणसाला ते ठाऊक होते. त्याने नखाने साल खरवडून आतली हिरवी रेघ पाहिली आणि "जिवंत" लिहिले. शहरातल्या सदस्यांनी काड्या पाहून "मृत" लिहिले. काहींनी तर त्या उपटूनही टाकल्या होत्या. उपटलेल्या परत येणार नव्हत्या, पण ज्यांनी आळस केला त्यांच्याकडे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर कोंब फुटले. तेव्हापासून जिवंत-मृताची नोंद मेऐवजी जुलैत करायचे ठरले.

बदललेली नोंदवही

नोंदीच्या कागदावर एक रकाना होता: "कीड". कमी कीड असेल तर जास्त गुण. वरवर पाहता बिनतोड.

पहिल्या पावसाळ्यानंतर मुरमाड जागेतले तरवड या रकान्यात सपाटून मार खाऊ लागले. फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरे तरवडावर अंडी घालतात आणि त्यांच्या हिरव्या अळ्या फांदीच्या फांदी साफ करतात. चित्रकावरही एक लहान, पंखाखाली पट्टे असलेले निळसर फुलपाखरू अंडी घालते, अळ्या कळ्या खातात. दोन घरांत फवारणी झाली. एकीकडे "फुलपाखरे यावीत म्हणून देशी झाडे" असे पत्रकात छापायचे आणि दुसरीकडे त्यांच्याच अळ्यांसाठी झाडाचे गुण कापायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नव्हते. रकाना बदलून "खाल्ल्यावर झाड सावरले का" असा केला. तरवड तीन-चार आठवड्यांत पुन्हा पालवतो. कुंडीतल्या चित्रकावर पिठ्या ढेकूण बसला की तो मात्र सहजी सावरत नाही. आधीच्या रकान्यात हा फरक दिसतच नव्हता.

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. दुसऱ्या वर्षी एका घरची कोरांटी आदल्या नोंदीपेक्षा बुटकी भरली. घरच्या आजींना विचारले. "अहो सर, ती गेली होती. तुम्ही एवढे येऊन लिहून घेता, वाईट वाटायला नको म्हणून तसलीच दुसरी आणून लावली." शिवाय पुढे: "कशाला नाव खराब करायलाव आमच्या बागेचं?" मग सगळीकडेच विचारपूस केली, तेव्हा अशी आणखी काही रोपे निघाली. मेलेले झाड म्हणजे आपली बदनामी, ही भावना घरोघरी होती. ती सगळी झाडे निकालातून वगळावी लागली आणि चित्रकाच्या बाबतीत काळ्या मातीचा निष्कर्ष त्यामुळे लंगडा राहिला.

निष्पत्ती

गटाने गुणानुक्रम लावलेली यादी छापायचे टाळले. पहिला, दुसरा, तिसरा असे लिहिले की लोक पहिलाच नेतात आणि पाणी धरणाऱ्या खड्ड्यात लावतात. त्याऐवजी जागेप्रमाणे एकेक कार्ड केले, रोपासोबत द्यायला.

पाणी धरणाऱ्या काळ्या मातीत सपाट लावून टिकली ती निर्गुडी. ती ओढ्याकाठची, तिला हे नवे नाही. पण ती दांडगी आहे. वर्षातून दोनदा छाटली नाही तर लहान अंगणात वावरायला जागा ठेवत नाही. कोरांटी आणि पारिजातक गादीवाफ्यावर उत्तम, सपाटीवर बेभरवशाचे. मुरमाड जागेवर तरवडाला तोड नाही. दुसरा उन्हाळा त्याने आठवड्याच्या एका पाण्यावर फुलत काढला. धायटी फक्त मुरमात आणि तिथेही संथ. कुंडीसाठी कोरांटी, आणि कीड पाहण्याची तयारी असेल तर चित्रक; पण कुंडीत निव्वळ काळी माती भरू नये, वाळली की वीट होते. कोरांटीच्या काट्यांचा इशारा कार्डावर आहे: लहान मुलांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर लावू नका. चित्रकाची मुळे हाताळल्यास कातडीला फोड येऊ शकतात, हेही आहे. माधवीलता जगली, पण दोन वर्षांत फुलली नाही.

घरी केलेली रोपे जवळपास सगळ्या जातींत विकतच्या रोपांपेक्षा सरस ठरली. विकतच्यांपैकी ज्यांचा लाल गोळा लावताना फोडून, गोल फिरलेली मुळे कापून लावला होता, ती त्यांच्या बरोबरीला आली. कार्डाच्या मागच्या बाजूला हे चित्र काढून दिले आहे. माझ्या मते अख्ख्या कार्डात तेच सर्वांत कामाचे.

आणि बोगनवेल? काळ्यात, मुरमात, कुंडीत, सगळीकडे टिकली, फुलली. हे छापू नये असा आग्रह झाला. छापले. फुलपाखरांच्या अळ्यांना तिच्यावर काही मिळाले नाही, तेही शेजारीच लिहिले. निवड वाचणाऱ्याची.

पुन्हा करायचे झाले तर

लावणीच्या दिवशीच प्रत्येक झाडाला क्रमांकाचा पत्रा बांधायला हवा आणि बुंध्याचा फोटो घ्यायला हवा. त्याहून महत्त्वाचे, झाड मेले तर ते आम्हाला हवे असलेले उत्तर आहे, हे पहिल्या बैठकीत समजावून सांगायला हवे. मेलेले रोप मुळांसकट पिशवीत घालून बैठकीला आणायचे, अशी पद्धत आता ठेवली आहे. लोक हसतात, पण आणतात.

दोन वर्षांची मुदत झुडपांना पुरली, मुरुडशेंग आणि माधवीलतेला पुरली नाही. त्यांच्या कार्डावर निकालाच्या जागी "अजून नाही" एवढेच छापले आहे. काही भाडेकरू सदस्य मध्येच घर बदलून गेले आणि नव्या भाडेकरूला झाडांत रस नव्हता. अशा घरांत पुढच्या वेळी कुंड्याच द्याव्यात.

तामण वगळण्याचा निर्णय आता काहीसा घाईचा वाटतो. आपण चाचणी केली नाही म्हणून लोक तो लावायचे थांबले नाहीत. याच दोन वर्षांत त्यांनी तो नर्सरीतून आणलाच. शिवाय ज्या ओलीने तरवड कुजला ती ओल तामण सोसतो. पुढच्या फेरीत तो घेतला आहे: पाणी धरणाऱ्या अंगणांत काही रोपे व्हिनेगर न फसफसलेल्या मातीत आणि काही मुद्दाम फसफसलेल्या मातीत. दुसऱ्या ठिकाणी पाने पिवळी पडली तर लोह पुरवणाऱ्या हिराकसाची फवारणी करायची नाही, नुसती नोंद करायची, एवढ्यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला आणि शेवटी तसेच ठरले.